प्रथिन मोडणारी औषधे

लेनालिडोमाइडच्या पाकिटावर गर्भवती स्त्रियांसाठी ठळक इशारा छापलेला असतो. मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कर्करोग बहुधा उतारवयात होतो, त्यामुळे ज्या घरांत हे पाकीट येते तिथे तो इशारा आपल्याला लागू नाही असे समजून सहसा पुढचे वाचले जाते. आमच्या थोरल्या काकूंचे औषध सुरू झाले तेव्हा त्यांच्या सुनेला पाचवा महिना होता, म्हणून आम्हाला तो लागू झाला. औषधाच्या दुकानातील फार्मासिस्टने दोनदा बजावले, की कॅप्सूल फोडायची नाही, सुनेने तिला हात लावायचा नाही, आणि एखादी चुकून फुटलीच तर दुसऱ्या कोणीतरी हातमोजे घालून ती जागा पुसून घ्यायची. एकवीस दिवस औषध आणि सात दिवस खंड असा क्रम होता; त्या एकवीस दिवसांत काकूंची औषधे वेगळ्या कपाटात राहू लागली. काकूंच्या अस्थिमज्जेतील कर्कपेशी मारणारे औषध गर्भातील बाळाला एवढे घातक का ठरावे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात राहिला. त्याचे उत्तर विज्ञानाला गेल्या पंधरा वर्षांतच मिळाले आहे, आणि ते असे, की ही दोन वेगळी कामे नाहीत. एकच क्रिया एका ठिकाणी आजार आवरते आणि दुसऱ्या ठिकाणी हात-पाय खुंटवते. मोडले जाणारे प्रथिन तेवढे वेगळे असते.

आपल्या पेशींत प्रथिने सतत तयार होतात आणि सतत मोडलीही जातात. काहींचे आयुष्य काही मिनिटांचे असते, काहींचे कित्येक दिवसांचे. हे मोडणे आपोआप घडणारी झीज नसून नियमाने चालणारे काम आहे, हे दाखवून देणाऱ्या अवराम हर्श्को, आरोन सिखानोव्हर आणि आयर्विन रोझ यांना २००४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. युबिक्विटिन नावाचे ७६ अमिनो आम्लांचे एक लहानसे प्रथिन या कामाच्या मुळाशी आहे. तोडायच्या झाडांवर वनखात्याची माणसे जसे आधी आकडे टाकून जातात, तशी युबिक्विटिनची साखळी नको असलेल्या प्रथिनावर चढवली जाते, आणि अशी खूण झालेले प्रथिन प्रोटिअझोम नावाच्या पिंपासारख्या रचनेत ओढले जाऊन त्याचे तुकडे होतात. खूण कोणावर करायची याचा निर्णय ई३ लायगेज या गटातील विकरे घेतात. माणसाच्या पेशीत अशी सहाशेहून अधिक लायगेज आहेत, आणि प्रत्येकाची ओळखण्याची प्रथिने ठरलेली आहेत.

कर्करोगावरील नेहमीच्या लक्ष्यवेधी औषधांची रीत वेगळी असते. प्रथिनाच्या पृष्ठभागावर एखादी खोबण असते, तिच्यात औषधाचा रेणू जाऊन बसतो आणि प्रथिनाचे काम थांबते. रेणू तिथे बसून आहे तोवरच काम थांबलेले राहते, म्हणून रक्तात औषधाची पातळी सतत टिकवावी लागते. शिवाय कर्करोग चालवणाऱ्या अनेक प्रथिनांना, विशेषतः जनुके चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांना, अशी सोयीची खोबण नसतेच. अशा प्रथिनांवर औषध होऊ शकत नाही, असे औषधशास्त्रात दीर्घकाळ गृहीत धरले गेले होते. लायगेजला भुलवून त्याच्याकडून हव्या त्या प्रथिनावर खूण करवून घेता आली, तर खोबणीचा प्रश्न मागे पडतो, कारण काम थांबवायचे नसून ते प्रथिनच नाहीसे करायचे असते; आणि एक प्रथिन मोडले गेल्यावर औषधाचा रेणू मोकळा होऊन दुसऱ्याकडे वळू शकतो.

हे सगळे कळण्याच्या कितीतरी आधी, आपण काय करत आहोत याची कल्पना नसलेल्या माणसांनी ते करून ठेवले होते. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध म्हणून बाजारात आले. ते इतके निर्धोक मानले गेले की चिठ्ठीशिवाय मिळे, आणि गर्भारपणातील मळमळीवर स्त्रिया ते घेऊ लागल्या. १९६१च्या अखेरीस जर्मनीतील विडुकिंड लेंझ आणि ऑस्ट्रेलियातील विल्यम मॅकब्राइड या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे धोक्याची सूचना दिली, तोवर जगभर दहा हजारांहून अधिक बालके हाता-पायांच्या, कानांच्या, हृदयाच्या व्यंगांसह जन्मली होती. कित्येक जन्मानंतर लवकरच दगावली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी स्त्रीने पुरावा अपुरा आहे म्हणून परवानगी रोखून धरली, आणि त्यामुळे तिथे हा अनर्थ फार मोठ्या प्रमाणावर टळला. या मुलांच्या मातांनी पुढची कित्येक वर्षे स्वतःला दोष दिला असेल, ही गोष्ट या औषधाच्या आधुनिक यशाबद्दल लिहिताना कोणी विसरू नये असे मला वाटते.

हे औषध जगाने टाकून दिले असते तर आश्चर्य वाटले नसते. परंतु १९६४ साली जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन या त्वचारोगतज्ज्ञाने कुष्ठरोगातील एका अत्यंत वेदनादायक प्रतिक्रियेने झोप उडालेल्या रुग्णाला झोपेसाठी म्हणून थॅलिडोमाइड दिले, आणि झोपेबरोबर त्याच्या अंगावरील फोडही बरे होऊ लागल्याचे त्याच्या लक्षात आले. जगात दरवर्षी आढळणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात असतात, त्यामुळे थॅलिडोमाइडचा हा उपयोग आपल्याला परका नाही. पुढे १९९४ मध्ये बोस्टनमध्ये रॉबर्ट डामाटो यांनी हे औषध नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही असे दाखवले, आणि त्या आधारावर अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठात ते मायलोमाच्या रुग्णांना देऊन पाहण्यात आले. एका तरुण मायलोमा रुग्णाच्या पत्नीने उपायांचा शोध घेता घेता त्यासाठी आग्रह धरला होता. त्या रुग्णाला उपयोग झाला नाही, इतरांना झाला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्याच्या पहिल्या लेखिका सीमा सिंघल होत्या, ८४ रुग्ण होते, बहुतेकांचे इतर सर्व उपचार थकलेले होते, आणि त्यांच्यापैकी ३२ टक्के रुग्णांत प्रतिसाद दिसला. मायलोमात त्याआधी कित्येक वर्षे असे काही घडले नव्हते. थॅलिडोमाइडच्या रचनेत थोडे बदल करून लेनालिडोमाइड आणि त्यानंतर पोमालिडोमाइड तयार झाले. ही औषधे लाखो रुग्णांनी घेतली, आणि ती नेमकी कशामुळे काम करतात हे ती देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगता येत नव्हते.

उत्तराची सुरुवात जपानमध्ये झाली. तोक्यो तंत्रज्ञान संस्थेत हिरोशी हांडा यांच्या प्रयोगशाळेत ताकुमी इतो आणि सहकाऱ्यांनी थॅलिडोमाइडचे रेणू सूक्ष्म चुंबकीय मण्यांवर चिकटवले, ते मणी पेशींच्या अर्कातून फिरवले आणि त्यांना कोणते प्रथिन धरून राहते ते पाहिले. धरून राहिलेले प्रथिन सेरेब्लॉन होते, आणि सेरेब्लॉन हा एका ई३ लायगेजचा लक्ष्य ओळखणारा भाग निघाला. २०१०चा तो शोधनिबंध मला या सगळ्या कथेचा मध्यबिंदू वाटतो, कारण एका जुन्या शोकांतिकेचे कारण शोधणाऱ्या माणसांनी कर्करोगाच्या पुढच्या उपचारांचा पाया त्यातूनच घातला. त्यांनी झेब्राफिश आणि कोंबडीच्या भ्रूणांवर प्रयोग करून दाखवले, की थॅलिडोमाइडला चिकटू न शकणारे सेरेब्लॉन भ्रूणाला दिले तर माशांचे पर आणि कोंबडीचे अवयव बिघडण्यापासून बऱ्याच अंशी वाचतात. उंदरांमध्ये पूर्वी हे दुष्परिणाम का दिसले नव्हते, याचेही उत्तर पुढे मिळत गेले: उंदराच्या सेरेब्लॉनमधील एक अमिनो आम्ल माणसापेक्षा वेगळे आहे, आणि तेवढ्या फरकाने हे औषध माणसात जी प्रथिने मोडवते ती तिथे मोडवू शकत नाही.

२०१४ मध्ये बोस्टनमधील दोन गटांनी, एक बेंजामिन एबर्ट यांचा आणि दुसरा विल्यम केलिन यांचा, उरलेला दुवा जोडला. लेनालिडोमाइड सेरेब्लॉनला चिकटले की त्या लायगेजचा पृष्ठभाग बदलतो, आणि एरवी त्याने ज्यांच्याकडे पाहिलेही नसते अशी इकारोस आणि आयोलोस ही दोन प्रथिने त्याला चिकटू लागतात. त्यांच्यावर युबिक्विटिनची खूण होते आणि ती मोडली जातात. ही दोन्ही प्रथिने बी-पेशी या पांढऱ्या पेशींच्या वाढीची जनुके चालवतात, आणि बी-पेशींपासूनच पुढे प्लाझ्मा पेशी व मायलोमा होतो. मायलोमाच्या पेशी त्यांच्यावाचून तगू शकत नाहीत. म्हणजे ज्यांच्यावर औषध शक्य नाही असे पुस्तकांत लिहिले जात होते, त्या जातीची दोन प्रथिने एक जुनी कॅप्सूल कितीतरी वर्षे निमूटपणे मोडत होती. काकूंच्या रक्ततपासणीत एम-बँड, म्हणजे मायलोमाच्या पेशींनी बनवलेल्या प्रतिपिंडाचे प्रमाण, प्रत्येक फेरीला कमी होत गेला, तो याच कारणाने.

मग गर्भाचे काय? २०१८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले, की थॅलिडोमाइड, लेनालिडोमाइड आणि पोमालिडोमाइड ही तिन्ही औषधे एसएएलएल४ नावाचे आणखी एक प्रथिनही मोडवतात. हे प्रथिन भ्रूणाच्या अवयवांच्या घडणीसाठी आवश्यक असते. ज्या मुलांत त्याच्या जनुकातच जन्मतः दोष असतो, त्यांना होणारी हाताच्या हाडांची आणि डोळ्यांच्या हालचालींची व्यंगे थॅलिडोमाइडच्या व्यंगांशी इतकी मिळतीजुळती असतात की पूर्वी निदानात दोन्हींची गल्लत होत असे. फार्मासिस्टने आमच्याकडून वदवून घेतलेली काळजी याच प्रथिनासाठी होती. प्रौढ माणसाच्या शरीरात ते मोडले गेल्याने फारसे बिघडत नाही. गर्भात ठरावीक थोड्या दिवसांच्या काळात ते नसले की हात घडत नाही.

या शास्त्राबद्दल बोलताना लेख आणि भाषणे बहुतेक वेळा शक्तीवर भर देतात: जे कधी गाठता आले नव्हते ते आता नष्ट करता येते. मला मात्र मोजमापाची बाजू अधिक महत्त्वाची वाटते, आणि मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमच्या एका प्रकारात ती फार स्पष्ट दिसते. या आजारात रुग्णाच्या अस्थिमज्जेतील पेशींतून पाचव्या गुणसूत्राच्या लांब भुजेचा तुकडा गळालेला असतो, हिमोग्लोबिन सतत घसरते आणि वरचेवर रक्त चढवावे लागते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा १४८ रुग्णांना लेनालिडोमाइड दिल्यावर ६७ टक्के रुग्णांची रक्त चढवण्याची गरज संपली. त्याचे कारण २०१५ मध्ये कळले. लेनालिडोमाइड सीके१ अल्फा हे प्रथिनही मोडवते, आणि त्याचे जनुक नेमके गळालेल्या तुकड्यावर असते. निरोगी पेशीत त्या जनुकाच्या दोन प्रती असतात, आजारी पेशीत एकच उरलेली असते, म्हणून तिच्यात ते प्रथिन मुळातच निम्मे असते. औषधाने दोन्ही पेशींतील प्रथिन कमी होते. निरोगी पेशी तेवढ्यात निभावून नेते, आजारी पेशी जगत नाही. औषधाने दोन्ही पेशींत सारखेच काम केले. फरक पडला तो आजारी पेशीच्या आधीच्या तुटीमुळे.

प्रथिन मोडण्याची हीच गोष्ट त्याहून जुन्या एका औषधाबद्दल सांगावी लागेल, आणि ते औषध म्हणजे सोमल, अर्थात आर्सेनिक. ॲक्युट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग पूर्वी अत्यंत झपाट्याने, बहुधा मेंदूतील रक्तस्रावाने, माणसाला नेत असे. पंधरावे आणि सतरावे गुणसूत्र तुटून एकमेकांना जोडले जाते आणि त्यातून एक जोडप्रथिन तयार होते. ते पांढऱ्या पेशींना पक्व होऊ देत नाही. १९७०च्या दशकात चीनमधील हार्बिन येथे झांग तिंगदोंग आणि सहकाऱ्यांनी एका पारंपरिक मिश्रणातील सोमल वेगळा काढून त्याची सुई द्यायला सुरुवात केली, आणि १९८०च्या दशकात शांघाय येथे वांग झेनयी यांनी जीवनसत्त्व अ पासून मिळणाऱ्या रेटिनॉइक आम्लाचा उपयोग दाखवला. रेटिनॉइक आम्ल त्या जोडप्रथिनाचा एक भाग पकडते, आर्सेनिक ट्रायऑक्साइड दुसरा, आणि दोन्ही मार्गांनी ते प्रथिन मोडणीला जाते. आर्सेनिकच्या बाबतीत आरएनएफ४ नावाचे लायगेज खूण करते, हे २००८ मध्ये सिद्ध झाले. २०१३ मध्ये इटली व जर्मनीतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फार तीव्र स्वरूपाचा आजार नसलेल्या रुग्णांना केमोथेरपी न देता केवळ ही दोन औषधे दिल्यावर दोन वर्षांनी ९७ टक्के रुग्ण आजार न उलटता सुखरूप होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये तर त्याआधीच, २००६ मध्ये, विक्रम मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी केवळ आर्सेनिकवर उपचार केलेल्या ७२ रुग्णांचा अनुभव मांडला होता; ८६ टक्के रुग्णांचा आजार पूर्ण मागे हटला होता. महागडी केमोथेरपी आणि तिच्यामागून येणारे जंतुसंसर्ग ज्या कुटुंबांना पेलवत नाहीत, त्यांच्या दृष्टीने हा अभ्यास किती मोलाचा होता हे भारतीय वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. रुग्णालयातील हे आर्सेनिक शुद्ध, मोजलेले आणि हृदयाच्या आलेखावर लक्ष ठेवून दिले जाते. सोमलाचे नाव ऐकून कोणी रक्ताच्या कर्करोगावर घरगुती भस्मांकडे वळू नये, हे इथे स्पष्टपणे लिहिणे मी कर्तव्य समजतो.

अपघाताने सापडलेले हे मार्ग जाणूनबुजून बांधण्याचा पहिला प्रयत्न २००१ मध्ये येल विद्यापीठातील क्रेग क्रूज आणि कॅलिफोर्नियातील रेमंड देशाइज यांच्या गटांनी केला. त्यांनी एका रेणूचे एक टोक लायगेजला आणि दुसरे टोक मोडायच्या प्रथिनाला चिकटेल अशी रचना केली, आणि तिला प्रोटॅक हे नाव दिले. पहिला रेणू औषध म्हणून निरुपयोगी होता, कारण तो मोठा होता आणि पेशीत शिरत नव्हता. परंतु दोघांना जवळ आणले की मोडणी होते, एवढे त्याने सिद्ध केले. २०१५ मध्ये बोस्टनमधील जेम्स ब्रॅडनर यांच्या गटाने असा रेणू तयार केला, ज्याचे एक टोक थॅलिडोमाइडपासूनच घेतलेले होते, आणि ल्युकेमिया झालेल्या उंदरांत तो परिणामकारक ठरला. १९५७ सालचा तो रेणू आज प्रयोगशाळांत अशा शेकडो नव्या रचनांचा एक भाग म्हणून वापरला जातो.

या रचनांची खरी गरज कुठे पडते, हे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात दिसते. या आजारात बीटीके हे प्रथिन रोखणाऱ्या इब्रुटिनिबसारख्या गोळ्यांनी रुग्णांचे आयुष्य पालटले. इब्रुटिनिब बीटीकेमधील ४८१व्या स्थानावरील सिस्टीन या अमिनो आम्लाला कायमचे चिकटते. कालांतराने काही रुग्णांत नेमके तेच अमिनो आम्ल बदलते आणि औषधाची पकड सुटते. त्यावर वेगळ्या पद्धतीने पकडणारी औषधे आली, तर बीटीकेत वेगळे बदल झाले. त्यांतील काही बदलांनी बीटीकेची विकर म्हणून असलेली क्रियाच बंद पडलेली असते, तरीही कर्कपेशी जगते, कारण ते प्रथिन इतर प्रथिनांना एकत्र धरून ठेवण्याचे काम करत राहते. २०२४ मध्ये हे तपशीलवार मांडले गेले. ज्याचे काम आधीच बंद आहे त्याचे काम थांबवून काय मिळणार? तिथे ते प्रथिन काढूनच टाकावे लागते. बीजीबी-१६६७३ आणि एनएक्स-५९४८ हे बीटीके मोडणारे दोन रेणू सध्या मानवी चाचण्यांत आहेत, आणि आधीचे अनेक उपचार होऊन गेलेल्या रुग्णांपैकीही बहुसंख्यांत त्यांनी प्रतिसाद दाखवला आहे. मायलोमातही इकारोस आणि आयोलोस अधिक जोमाने मोडणारी आयबरडोमाइड आणि मेझिगडोमाइड ही नवी पिढी तयार आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपलब्ध तिन्ही प्रमुख औषधगटांना दाद न देणाऱ्या १०१ रुग्णांपैकी ४१ टक्के रुग्णांत मेझिगडोमाइड आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड यांच्या जोडीने परिणाम केला.

काकूंच्या उपचारांतील एक गोष्ट मला बराच काळ विसंगत वाटत असे. लेनालिडोमाइडबरोबर त्यांना दर आठवड्याला पोटावर बोर्टेझोमिबचे इंजेक्शन मिळे. बोर्टेझोमिब प्रोटिअझोम बंद पाडते, आणि लेनालिडोमाइडला तर आपले काम करण्यासाठी प्रोटिअझोमच लागते. कागदावर ही दोन औषधे एकमेकांच्या विरुद्ध जायला हवीत. प्रत्यक्षात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत बोर्टेझोमिब जोडलेल्या गटात आजार साधारण ४३ महिने आटोक्यात राहिला, ते न जोडलेल्या गटात ३० महिने. बोर्टेझोमिबने प्रोटिअझोम पूर्ण बंद पडत नाही आणि काही काळाने ते पुन्हा चालू होते, एवढ्या अवकाशात दोन्ही औषधे आपापले काम करून जातात. मायलोमाच्या पेशी प्रतिपिंडांच्या नावाखाली प्रचंड प्रमाणात प्रथिने तयार करतात, त्यामुळे मोडणी थोडी जरी तुंबली तरी त्यांचा जीव घुसमटतो, आणि मोडणी चुकीच्या प्रथिनाकडे वळवली तरी त्या मरतात.

तीन वर्षांनी काकूंचा एम-बँड पुन्हा वाढू लागला आणि डॉक्टरांनी त्यांना पोमालिडोमाइडवर आणले. या टप्प्यावर काय घडते, याचा अभ्यास झाला आहे: पोमालिडोमाइडलाही दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांत सेरेब्लॉनच्याच जनुकात काही ना काही बिघाड सापडतो. कर्कपेशीला सेरेब्लॉनवाचून फारसे अडत नाही, म्हणून ती ते गमावून मोकळी होते. या क्षेत्रातील मला सर्वांत काळजी वाटणारी गोष्ट हीच आहे. सहाशेहून अधिक लायगेज हाताशी असताना आजची बहुतेक औषधे आणि चाचणीतील बहुतेक रेणू एकट्या सेरेब्लॉनवर विसंबून आहेत, आणि बीटीके मोडणारे वर सांगितलेले दोन्ही रेणूही त्यांतच येतात. एका आजारात सेरेब्लॉन हरवले की त्यावर चालणारे पुढचे प्रत्येक औषध त्या रुग्णासाठी निरुपयोगी होण्याची शक्यता राहते.

सेरेब्लॉनखालोखाल वापरले जाणारे लायगेज व्हीएचएल आहे, ज्याच्यावरील कामासाठी याच विल्यम केलिन यांना २०१९ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच्या आधाराने केलेले एक काम मला फार आशादायक वाटते. बीसीएल-एक्सएल हे प्रथिन अनेक ल्युकेमिया आणि लिम्फोमा पेशींना मरू देत नाही, परंतु ते रोखणारे जुने औषध नॅव्हिटोक्लॅक्स देता येईना, कारण रक्तातील प्लेटलेटही त्याच प्रथिनावर जगतात आणि त्यांची संख्या धोकादायकपणे घसरे. २०१९ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी डीटी२२१६ हा रेणू मांडला, जो बीसीएल-एक्सएल व्हीएचएलकडे नेऊन मोडवतो. प्लेटलेटमध्ये व्हीएचएल फार थोडे असते, त्यामुळे तिथे खूणच नीट होत नाही आणि प्लेटलेट मोठ्या प्रमाणात बचावतात. ल्युकेमियाच्या पेशीत ते भरपूर असते. हा रेणू मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचला आहे. कोणते प्रथिन मोडायचे यापलीकडे ते कोणत्या पेशीत मोडायचे आणि कोणत्या पेशीत राहू द्यायचे, हे ठरवण्यासाठी कोणते लायगेज कोणत्या ऊतीत किती आहे याच्या याद्या आता प्रयोगशाळांतून तयार होत आहेत, आणि नवा रेणू पुढे नेण्याआधी तो एसएएलएल४ मोडतो का हेही तपासले जात आहे.